मोकळी ये

पंकिसी दरी, ३ सप्टेंबर २००२

चि. मक्वाला हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

आज पहाटे स्वप्नात फाटकाची करकर ऐकू आली. आपल्या नव्हे, माझ्या आईच्या; ते फाटक तर कधीच जळणात गेलं. त्या करकरीपाठोपाठ तिचा आवाज यायचा. पुरुष असला तर 'मोकळा ये', बाई असली तर 'मोकळी ये'. भांडायला आलेल्यालाही आम्ही दरीतले किस्ट लोक दुसरं काही म्हणत नाही. आधी येणाऱ्याचं स्वातंत्र्य, मग मक्याची भाकरी.

आता कामाचं. उत्तरेचा बलाढ्य शेजारी देश धमकावतो, की दरीत लपलेले बंदूकवाले हाकला, नाहीतर आमची विमानं येतील. आपलं राज्य म्हणजे काल चालायला लागलेलं पोर. त्याने अमेरिकन मास्तर आणून फौज शिकवून घेतली. फौज यावीच. ते उपरे आम्हालाही नकोसे झालेत. पण घरोघरी दारं फोडली, तर आमची पोरंही चिडून त्या उपऱ्यांमागे डोंगरात जातील. म्हणून आम्ही म्हाताऱ्यांनी राजधानीत, तिबिलिसीला निरोप धाडलाय: आधी बसून बोला, वाटा आम्ही दाखवू. शेवटी रीतीप्रमाणे 'मोकळे या' लिहिलंय. तू तिथे फौजेच्या कचेरीत दुभाषी. नीट पोचला का बघ. शहरात वाळू नकोस.

तुझ्या पत्राच्या वाटेवर बसलेला,
आजोबा इझनौर

तिबिलिसी, ९ सप्टेंबर

ती. आजोबांस सा. न. वि. वि.

निरोप पोचला आणि तिथेच घोटाळा झाला. कचेरीतल्या कुणा शहाण्याने 'मोकळे या'चं 'हत्यारं टाकून या' केलं. दरीतल्या मोहिमेचे प्रमुख कर्नल नुगझार भडकले. दरीतले म्हातारे आता फौजेला अटी घालणार का, मग झडतीच घेऊ, म्हणाले. मी फक्त इंग्रजीपुरती बसलेली. मध्ये बोलायचं नव्हतं. बोलले. ही अट नाही, नमस्कार आहे. आजोबा मला दारात असंच घेतात, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, पोरी, तू दरीची की देशाची? मी म्हटलं, दोन्हीकडची नसते तर या खुर्चीत कशाला बसवलं असतं? हे भांडण अमेरिकन मास्तरांना इंग्रजीत सांगायलाही मीच.

आता मला बैठकीचं बोलावणं बंद आहे. निघताना कर्नलनी तेवढं विचारलं, तुमचे आजोबा नेमकं म्हणतात तरी काय. तुम्ही मला म्हणता, अगदी तसंच मी म्हणून दाखवलं. नोकरी गेली तर जाऊ दे, दारं राहायला हवीत. आणि मी वाळले नाही, चांगली फुगलेय.

माया पातळ होऊ देऊ नये.
मक्वाला

पंकिसी, १४ सप्टेंबर

चि. मक्वाला हिस आशीर्वाद, या खेपेला थोडे जास्तच.

फौजेच्या गाड्या नदीपलीकडे थांबल्यात. आम्ही सगळ्यांनी कुलपं काढून ठेवलीत. फोडायला दार बंद तर हवं. शेजारचा खासो मला चिडवतो, मास्तर, तुमच्या नातीने कर्नलला बाकावर उभं केलं म्हणे. मी म्हटलं, शिकवलंय कुणी? कविता म्हणताना एक अक्षर चुकलं, तर मी साऱ्या वर्गाला पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत असे. तुझ्या आईला विचार.

थांब, फाटक करकरलं.

पाहुणा चुलीपाशी बसलाय, म्हणून उभ्यानेच लिहितो. कर्नल नुगझार. गाडी नदीवर सोडून एकटे चालत आले, कमरेचा पट्टा रिकामा. उंबऱ्याशी टोपी काढली, माझ्या पांढऱ्या दाढीकडे बघितलं आणि आपल्या भाषेत, पाठ केल्यासारखं म्हणाले, "मोकळी ये."

मी ते अक्षर सुधारलं नाही.