खुर्चीवरचा शर्ट

प्रिय ताई,

तुला आणि भावोजींना वाकून नमस्कार. (कंबर धरल्यामुळे निम्माच वाकलो आहे, उरलेला निम्मा मनाने वाकलो असं समज.) तुझा गुडघा जिने चढू देतो का? भावोजींच्या डोळ्यावरची पट्टी कधी निघणार? त्यांना वाचायला मनाई आहे असं कळलं, तेव्हा हे पत्र तूच त्यांना वाचून दाखवशील. फक्त ता. क. मोठ्याने वाचू नकोस, तो तुझ्यापुरता आहे. माझी तब्येत ठीक. जेवतो, झोपतो, छापखान्यात वेळेवर जातो आणि दुसऱ्यांच्या चुका काढून पगार घेतो.

पत्र लिहायचं कारण म्हणजे मी सुधारलो आहे. माझ्याकडे आता मोजून नऊ कपडे आहेत. पाच पांढरे शर्ट, तीन राखाडी पँटी आणि एक गडद निळा कोट. यातलं काहीही कशावरही चालतं. आंधळ्याने हात घातला तरी चूक होणार नाही, असं आमची लेक म्हणते. (भावोजींनी हे मनाला लावून घेऊ नये.)

मूळ गोष्ट अशी. तुझी भावजय गेल्याला परवा आठ महिने झाले. तिच्यामागे मला चहा करता येईल का, गॅस बंद करायचं लक्षात राहील का, याची काळजी सगळ्यांनी केली. मला कपडे घालता येतील का, याची कुणीच केली नाही, आणि मी अडलो तो नेमका तिथे. चौतीस वर्षं ती झोपण्यापूर्वी खिडकीजवळच्या खुर्चीवर दुसऱ्या दिवशीचे कपडे काढून ठेवायची. मी सकाळी उठायचो आणि खुर्चीवर जे असेल ते अंगात घालायचो. कपाट मी कधी उघडलंच नव्हतं म्हण ना. ती गेल्यावर पहिल्या सोमवारी उघडलं आणि पाऊण तास त्याच्यासमोर बनियनवर उभा राहिलो. शेवटी पट्ट्यांच्या पँटवर पट्ट्यांचा शर्ट घालून गेलो, तर बाइंडिंग खात्यातल्या बाईंनी हळूच येऊन विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मग मी रोज सकाळी लेकीला फोन करून विचारू लागलो. सातव्या महिन्यात ती म्हणाली, ‘बाबा, मीच येते.’

आली ती मोठ्या पिशव्या घेऊनच. तिने कुठेतरी वाचलं होतं की माणसाने साधे, चांगल्या शिवणीचे, कधीही जुने न वाटणारे थोडेच कपडे ठेवावेत, म्हणजे सकाळी डोकं शिणत नाही. ज्याला वर्षभर हात लागला नाही ते घराबाहेर. तिने ढीग तीन ठरवले. ठेवायचं ते पलंगावर, द्यायचं ते खुर्चीवर, कळत नाही ते जमिनीवर. मी मान डोलावली. (मान डोलावताना मी ऐकत असतोच असं नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे.) दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून सगळं कपाट रिकामं केलं. तिच्या आईचे कपडे मात्र तिने एका पेटीत घातले आणि पेटीवर बसून थोडा वेळ रडली. मी शेजारी बसलो. मग तिने नाक पुसलं, पिशव्या गाडीत टाकल्या आणि गरजूंना जुने कपडे स्वस्तात विकणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात देऊन आली.

नव्या कपड्यांनी सुरुवात झोकात झाली. सकाळी साडेतीन मिनिटांत तयार. बाइंडिंगच्या बाई म्हणाल्या, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसता. त्याच आठवड्यात छापखान्याच्या मालकांनी पंचविसाव्या वर्षाचं जेवण ठेवलं होतं. मी पांढरा शर्ट घातला, राखाडी पँट घातली, आणि उकडत होतं म्हणून कोट घरी ठेवला. ताई, वाढपीही नेमके त्याच वेशात होते. दाराशीच एका जाड्या गृहस्थांनी माझ्या हातात रिकामा ग्लास दिला. मी घेतला. नको कसं म्हणायचं? मग कुणी पाणी मागितलं, कुणी चमचा. मी सूपचं भांडं घेऊन तीन टेबलं फिरलो. चौथ्या टेबलावर आमचे मालक बसले होते. त्यांनी सूप घेतलं, वर न पाहता धन्यवाद म्हणाले आणि शेजाऱ्याला सांगू लागले की आपल्याकडचा मुद्रितशोधक एकवीस वर्षं आहे, आज आलेला दिसत नाही. मी भांडं ठेवलं आणि मागच्या दाराने घरी आलो. लेकीला सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. तिची आई गेल्यापासून तिला प्रथमच हसताना ऐकलं, म्हणून मी अजून दोन टेबलं वाढवून सांगितली.

आता जे लिहितो ते सावकाश वाच. तो मोहरीच्या रंगाचा, हिरव्या चौकडीचा शर्ट तुला आठवत असेलच. कोण विसरेल? तुझ्या भावजयीने ताग्यातलं शेवटचं कापड स्वस्तात आणून घरच्या मशीनवर दोन शर्ट शिवले होते, एक मला आणि एक भावोजींना. मी डावखुरा म्हणून माझा खिसा तिने उजव्या बाजूला लावला. दोन्ही शर्ट एकदम बेतल्यामुळे भावोजींचाही उजवीकडेच लागला, आणि मग तळ्याकाठच्या सहलीत ते दिवसभर चष्म्यासाठी डावी छाती चाचपत होते. मी तो शर्ट गेली पाच वर्षं घातला नव्हता. पण कपाट रिकामं करताना तो हाताला लागला तेव्हा मी ठरवलं की हा ठेवायचा, आणि जपून, घडी घालून, खुर्चीवर ठेवला.

खुर्चीवर, ताई. आमच्या घरात जे घालायचं असतं ते खुर्चीवर असतं. हात आपोआप तिकडे गेला.

चार दिवसांनी लक्षात आलं. धावत दुकानात गेलो. शर्ट विकला गेला होता. लेकीला मी हे सांगितलेलं नाही, ती पुन्हा त्या पेटीवर जाऊन बसेल. दोन आठवड्यांनी तो दिसला, आमच्या छापखान्यासमोर बसणाऱ्या चांभारदादांच्या अंगावर. मी तिथे उभाच राहिलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बूट काढून दिले. तेव्हापासून दर शनिवारी बूट देतो. बुटांना काहीही झालेलं नाही. आता त्यांना इतके तळ लागलेत की मी दोन बोटं उंच झालो आहे. मागच्या शनिवारी धीर करून शर्टाचा विषय काढला. ते खूष झाले. म्हणाले, ‘बायकोनं पसंत केलाय. रंग खुलतो म्हणते मला. फक्त खिसा बघा साहेब, उलट्या बाजूला. कोण अडाणी शिवायला बसला होता कुणास ठाऊक!’

मी म्हणालो, ‘हो ना.’

ताई, मी ‘हो ना’ म्हणालो. रस्ता ओलांडला, माझ्या टेबलाशी बसलो आणि त्या दिवशी एकही चूक मला दिसली नाही. त्यांच्या बायकोने पसंत केलेला शर्ट मी कोणत्या तोंडाने परत मागू?

असो. एकंदरीत साध्या, मोजक्या कपड्यांचा मला फार फायदा झाला आहे आणि तुम्हीही तसंच करावं असा माझा आग्रह आहे. भावोजींचं कपाट तर मी पाहिलेलं आहे. वर्षभर न घातलेलं सगळं बेलाशक काढून टाक. मन घट्ट कर.

तुझा,
डावऱ्या

ता. क. काढून टाकण्यापूर्वी भावोजींचा तो चौकडीचा शर्ट आहे का, एवढं बघ. असला तर मला पाठव. पट्टी निघायच्या आत पाठवलास तर त्यांना कळणारही नाही.

दुसरा ता. क. नको, असं करू नकोस. त्यांना विचार. हे सगळं वाचूनच दाखव. नाही म्हणाले तर गळ घालू नकोस. धुऊ नकोस आणि खिशाला हात लावू नकोस.

तिसरा ता. क. भावोजींच्या शर्टात माझ्यासारखे दोघे मावतील, हे मला माहीत आहे. घालायचा नाहीच. झोपण्यापूर्वी खुर्चीवर ठेवायचा आहे. सकाळी उठल्यावर तिथे काहीतरी काढून ठेवलेलं दिसलं की पुरे.