हाँगकाँगची पोस्टिंग

३ मार्च, सोम., एडिनबरा
माझ्या नवऱ्याला, निखिलला, त्याच्या बँकेने हाँगकाँगची पोस्टिंग देऊ केली. "आता तिकडे सगळं शांत आहे गं," तो म्हणाला. शांत. खालच्या मजल्यावरच्या कारमनला हे कुठल्या तोंडाने सांगू? ती तिथलीच. शाळेत शिकवायची. विद्यार्थ्यांबरोबर लोकशाहीसाठीच्या मोर्चात चालली, नोकरी गेली. आता इथे केअर होममध्ये म्हाताऱ्यांना भरवते.

८ मार्च, शनि.
कारमनच्या हाँगकाँगच्या लोकांची चीन सरकारविरुद्ध निदर्शनं. तिने बोलावलं म्हणून गेले. मूठभर माणसं, बोचरा वारा, टूरिस्ट फोटो काढतायत. बोलायची वेळ आली तसा तिने ओळख लपवायला लावलेला मास्क काढला. मी म्हटलं, "राहू दे ना." तर म्हणे, "मास्कमधून आवाज पोचत नाही."

१३ मार्च, गुरु.
तिच्या त्या भाषणावरून तिकडे पोलिसांनी तिच्या आईला उचललं. सकाळी नेलं, अंधार पडल्यावर सोडलं. मग आईचा फोन. "इथे पुन्हा फोन करायचा नाही. मला मुलगी नाही." कारमन म्हणते, शेजारी त्यांच्यातलं कोणीतरी बसलेलं असणार. असेल. पण आवाज आईचाच ना.
चहा करून दिला. तसाच गार झाला. पोस्टिंगचं सांगायचं होतं, ते गिळून टाकलं.

१६ मार्च, रवि.
सांगितलं एकदाचं. वाटलं, भांडेल. नाही. "जा. तिथल्या शाळा चांगल्या आहेत." मग म्हणाली, "तिथे कोणी विचारलं तर मला ओळखत नाहीस म्हणून सांग. आत्ता म्हणून दाखव."
म्हटलं.
"मध्येच अडखळलीस. परत."
परत म्हटलं. या वेळी जमलं. तिने मान डोलावली, शाळेत डोलवत असेल तशी.
घरी येऊन खूप वेळ नळ सोडून उभी होते.

१९ मार्च, बुध.
निखिल म्हणतो, "त्यांचं राजकारण त्यांना लखलाभ. आपण पाहुणे." इथे पाहुणे, तिथे पाहुणे, पुण्यात गेलो तरी आता पाहुणेच. मग माणसाने तोंड उघडायचं तरी कुठे? विचारलं त्याला. लॅपटॉपमधून मान वर नाही.

२१ मार्च, शुक्र.
निखिलने उत्तर द्यायला बँकेकडून सोमवारपर्यंत मुदत घेतली. मी अजून हो म्हटलं नाही म्हणून. तोंड एवढंसं करून फिरतोय.
उद्या पुन्हा निदर्शनं. कारमनने या वेळी बोलावलं नाही. "तू गेलीस तर पोस्टिंगचा विषयच संपला," निखिल म्हणाला. "निदर्शनांत तिकडची माणसं फोटो काढतात."
काढतातच.
जाड कोट बाहेर काढून ठेवलाय. अजून काही ठरत नाही.