जुळ्यांपैकी माझी

मी, शाळेचे गणवेश शिवणारी, वय वर्षे एकसष्ट, पूर्ण शुद्धीत आणि कोणाचेही दडपण नसताना हे लिहून ठेवते. दडपण सोळाव्या वर्षी होते. तेव्हा माझी सही कोणी मागितली नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण मला भ्रम झाला होता असे माझा भाऊ म्हणणार.

१. शिलाई यंत्रे दुकानातल्या दोघी कारागिरणींना. भांडू नये, डावीकडचे जास्त चांगले आहे, ते थोरलीने घ्यावे.

२. लोखंडी कपाट वहिनीला. आम्ही शाळेत एकाच बाकावर बसायचो. सोळाव्या वर्षी तिचे माझ्या भावाशी लग्न झाले आणि त्याच वर्षी आम्हा दोघींना दिवस गेले. तिला खिडकीजवळची खाट मिळाली, मला अडगळीची खोली. मुख्याध्यापिका तिला आशीर्वाद द्यायला घरी आल्या आणि जाता जाता दारातच माझे नाव पटावरून काढल्याचे सांगून गेल्या. मग त्यांनी शाळेत व्याख्यान ठेवले, ‘अल्पवयीन माता: एक समस्या’. वहिनी माझ्याहून लहान आहे.

तिला मुलगा झाला, मला मुलगी. वहिनीला जुळे झाले, असे घरच्यांनी जाहीर केले. गल्लीने सगळे ओळखून माना डोलावल्या. मी आत्या झाले.

३. मुलीच्या बापाला काही नाही. त्याच्यावर तेव्हाही काही आले नव्हते. आता तो शाळेच्या समितीवर आहे. गणवेशाचे कापड तोच पसंत करतो.

४. राहते घर, माझ्या कमाईचे. भाऊ म्हणतो, दोघंही तुझी भाचरंच, निम्मं निम्मं कर. मी मुलीला खरे सांगितले. तिला ते ठाऊक होते. बराच वेळ जमिनीवर सांडलेली बटणे वेचत बसली, मग म्हणाली, “आत्या, भाचीच लिही गं. घर तसंही मिळेल. माझी लेक यंदा सोळाची होतेय, लोकांना विषय कशाला?”

विनंती ऐकली. मान्य केली नाही. कागदोपत्री भावाची असलेली ती माझ्या पोटची मुलगी आहे आणि संपूर्ण घर तिचे. लाज वाटली तर तिने ते खुशाल विकावे. मात्र घर आपल्याकडे कसे आले, हे खरेदीखतात लिहावेच लागते. तिथे तिने लिहावे: आईकडून.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे औषधवाले (सही); दुकानातली थोरली कारागीर यंत्र घेणार असल्याने तिच्याऐवजी समोरच्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई (सही)
स्थळ: राहते घर, शिवणाची खोली
दिनांक: १४ जून, शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी