ताईवर ढकललेली भीती

१४ मार्च

प्रिय ताई,

दोन वर्षं पत्र लिहिलं नाही, माफ कर.

मैत्रिणींबरोबर गाडीनं जंगल फिरतेय. आज गाडी चालवणाऱ्या डॉक्टर मैत्रिणीच्या पापणीला गांधीलमाशी चावली, डोळा सुजून मिटला. लायसन्स असलेली दुसरी मीच! तीस किलोमीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवली.

"अगं, माकडं ओव्हरटेक करतायत!" वकील मैत्रीण मागून ओरडली. हसून हसून पुरेवाट झाली, पण पोचलो.

"इतकी वर्षं गाडी का नाही चालवलीस?" तिनंच विचारलं.

"शिकवताना ताई ओरडली म्हणून," हे नेहमीचं उत्तर ओठांवर आलं होतं. तेच दोन वर्षांपूर्वी तुझ्या कानावर गेलं आणि आपलं बोलणं तुटलं. या वेळी खरं सांगितलं. तू ओरडली नव्हतीस. फाटकाला धडकून मीच घाबरले होते.

तुझी,
धाकटी

हे पत्र पाठवत नाही. माफी तोंडानं न मागता नुसती लिहून सुटका करून घेतल्यासारखं होईल.

उद्या: ताईला फोन करणे.