जमादारीचा अर्ज

२ नोव्हेंबर १९५५, बुधवार

मी शिकवते त्या शाळेत अर्धी रजा टाकून पुण्याला, सोल्जर बोर्डात. दादाचा अर्ज फेटाळला. कारकून भला माणूस, कागद माझ्याकडे वळवून त्याने ओळीवर बोट ठेवलं. डोळा लढाईत दुखावल्याची कुठेही नोंद नाही, सबब आजार नोकरीमुळे नाही, सबब बढतीचा विचार नाही. यादीत दादाचं नाव पहिलं होतं हे त्यालाही मान्य. पण जमादारीचा हुकूम निघायच्या आत मेडिकल बोर्डाने दादाला घरी पाठवलं आणि जागा खालच्याला गेली. आणखी एकच अर्ज करता येईल. बोर्डामार्फत ३१ डिसेंबरच्या आत वरच्या कचेरीत पोचला पाहिजे, आणि सोबत डोळ्याला लागलं तेव्हा हजर असलेल्या कुणाची तरी लेखी साक्ष.

खालचा म्हणजे शिवराम. आमच्याच आळीतला. दादाबरोबर एकाच दिवशी भरती झालेला, नंबर एकाने मागे. आणि ४८ साली काश्मिरात दादाच्या डाव्या डोळ्यात ठिकरी गेली तेव्हा शेजारी कोण? तोच.

घरी येऊन सगळं सांगितलं. दादा कारखान्याच्या गेटवरून नुकताच आलेला, चौकीदाराचा कोट अजून अंगात. "बरं" म्हणाला. गेटवरच्या सगळ्या चौकीदारांचा मुख्य नेमायचा आहे, तिथेही जमादार हुद्द्याचाच माणूस हवा आहे. हे वहिनीकडून कळलं, त्याच्याकडून नाही.

५ नोव्हेंबर, शनिवार

गिरणीवर कौसा भेटली. शिवरामची बायको. माझ्या मागून आली. गिरणीवाल्या चाचांनी माझा डबा बाजूला सरकवून तिचं दळण आधी टाकलं. मुद्दाम नाही, सहज. "जमादारीणबाईंना घाई असंल." बायका हसल्या, तीही हसली, नको नको म्हणाली, पण घेतलं.

आम्ही दोघी एका वर्षाच्या. ती तिसरीतून शाळा सोडून घरी बसली. मी दादाच्या पलटणीतल्या पगारावर बी. ए. झाले. घरात पहिली, रहाटणीत मुलींमध्ये पहिली. गिरणीत त्याचं काय?

शिवराम दिवाळीला येतोय. नाताळच्या सुमारास क्वार्टर मिळेल, मग ती जाणार. तिथे पाण्याचा नळ घरात आहे म्हणे.

या वहीत खरंच लिहायचं हे कॉलेजात असताना ठरवलं आहे, म्हणून लिहिते. मला मत्सर वाटला. वाटेत मनाला सांगत होते की हे मी वहिनीसाठी म्हणते, नळ वहिनीला मिळायला हवा होता. नदीपर्यंत येईतो तेही खोटं वाटायला लागलं. जमादाराची बहीण मला व्हायचं होतं.

८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्जाचा मसुदा झाला. इंग्रजी बरं उतरलंय. दादाला एकेक वाक्य मराठीत सांगितलं. 'यांच्याहून कनिष्ठाला बढती देण्यात आली' इथे त्याने हात वर केला. खोड म्हणाला. मी म्हटलं, हेच तर मुख्य आहे. "शिवाचं नाव यायचं न्हाई." नाव नाहीच, नुसतं कनिष्ठ म्हटलंय. "तरी कळतंया."

खोडलं. अर्जाचा कणाच गेला. आमच्यासाठी त्याने कधी एवढा हात वर केलाय?

१० नोव्हेंबर, गुरुवार

आज विचारलंच. डोळ्यात ठिकरी गेली तर तेव्हाच दवाखान्यात का नाही गेलास? नोंद झाली असती, आज हे काही लागलं नसतं.

तंबाखू मळता मळता बोलला. शिवरामने बाटलीतल्या पाण्याने डोळा धुतला, ठिकरी बोटाने काढली. सिक रिपोर्ट केला असता तर खाली पाठवलं असतं, आणि तुकडी सोडून जायचं नव्हतं. नंतर डोळा अंधूक होत गेला. दर वर्षी डोळे तपासतात. उजवा झाकून डाव्याने भिंतीवरच्या तक्त्यावरची इंग्रजी अक्षरं वाचायची. शिवराम आधी आत जाऊन आला आणि सगळी अक्षरं कागदावर उतरवून आणली. दादाने ती पाठ केली. चार वर्षं तोच डॉक्टर, तोच तक्ता. चार वर्षं पास.

पाचव्या वर्षी नवा डॉक्टर, नवा तक्ता. "मी जुना तक्ता म्हनून दाखवला. पार खालच्या वळीपतूर. कुठं बी न अडकता."

मग?

"डॉक्टर हासला न्हाई. तेवढं बरं केलं त्यानं."

तो कागद मी पाहिलेला आहे. सुट्टीत घरी होते तेव्हा तो माझ्या हातात देऊन दादा डोळे मिटून म्हणायचा, टी, ओ, झेड, एल, पी, आणि मी चुका काढायची. शब्द लागत नाहीत म्हटल्यावर म्हणाला होता, पलटणीची गुप्त भाषा आहे, कुणाला सांगू नको. मी वसतिगृहात सगळ्यांना सांगितलं होतं. माझा भाऊ गुप्त भाषा शिकतो.

मसुद्यात मी लिहिलंय, 'निष्कलंक नोकरी'.

१६ नोव्हेंबर, बुधवार, भाऊबीज

शिवरामला बहीण नाही. आईने लहानपणापासून दादाच्या मागोमाग त्यालाही पाटावर बसवलंय. आज वर्दीवर आला. खांद्यावर जमादारीचं एक फूल, नवंकोरं.

तो दारात आला आणि दादा उठून उभा राहिला. टाचा जुळवल्या. "या साहेब." आई, वहिनी, मी, तिघी होतो तिथेच थांबलो. शिवराम लाजला. "बस की गड्या, घरात कसला साहेब." दादा तो बसेपर्यंत बसला नाही.

ओवाळताना फूल डोळ्यांसमोर होतं. औक्ष मागायचं असतं, मी काय मागितलं ते लिहीत नाही.

जेवताना शिवरामने स्वतःच विषय काढला. साक्ष लागते असं कळलंय, मी देतो. दादा म्हणाला, भाजी घे. पुन्हा म्हणाला, देतो मी. दादा म्हणाला, भाजी घे साहेब, आन् गप जेव. मग दोघं एकदम हसत सुटले, का ते आम्हाला कळलं नाही. कुणा सुभेदाराची काहीतरी जुनी गोष्ट. घरी आल्यापासून दादा असा हसलेला नाही. मी त्याच्यासाठी पाच वेळा पुण्याला गेले आहे.

२० नोव्हेंबर, रविवार

कौसा आली. मला वाटलं मिरवायला. तिला इंग्रजीत सही शिकायची आहे, क्वार्टरमध्ये रेशनच्या वहीवर बायकांना करावी लागते. अंगठा उठवायची लाज वाटते म्हणाली. दोन तास बसली. के नीट येतो, एस उलटा. जीभ दातात धरून लिहिते, तिसरीत धरायची तशीच.

जाताना म्हणाली, "तुजं बरं हाय शांते. तुला कुनी नेलं तरच जायचं असं न्हाई. सोताची तू जातीस पुन्याला."

मी हो म्हटलं. तिला माझा हेवा वाटतो, हे ऐकून बरं वाटलं. अर्धा तास तरी.

२६ नोव्हेंबर, शनिवार

शिवराम गेला. नदीपलीकडे, शाळेच्या वळणावर, माझी वाट बघत उभा होता. पाकीट दिलं. सगळं लिहिलंय म्हणाला. ठिकरी, पाणी, तक्ता, कागद. सही, नंबर, हुद्दा. दादाला दाखवू नकोस, तो फाडील. तुला वाटेल तेव्हा अर्जाला जोड.

मी विचारलं, यात तुमचं काय होईल? त्याने टोपी काढून घाम पुसला.

"फूल जाईल. जादा झालं तर घरी बसवतील. पर डोळा मी धुतलाय शांताताई, ते तर खरं हाय ना?"

मग म्हणाला, कौसाला यातलं ठाऊक नाही.

४ डिसेंबर, रविवार

साक्षीचं इंग्रजी भाषांतर. त्याने पलटणीत शिकवतात तसं रोमन अक्षरांत हिंदुस्थानी लिहिलंय. दोन पानं. साधं, सरळ. एके ठिकाणी आहे, 'मेरे कहने से'. दादाने तक्ता पाठ केला तो शिवरामच्या सांगण्यावरून, एवढाच अर्थ. मी लिहिलं 'इन्स्टिगेशन'. फूस लावली. लिहिताना काही वाटलं नाही, उलट शब्द चपखल सापडल्याचा आनंद झाला. पान वाळत ठेवल्यावर पुन्हा वाचलं.

माझ्या बी. ए.चा हा पहिला खरा उपयोग.

खोडलेलं नाही अजून. खोडलं तर दादाची बाजू थोडी कमकुवत होते, हेही आहेच. आहेच ना?

६ डिसेंबर, मंगळवार

वहिनीला सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवं होतं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. मी म्हटलं, खरं ते पुढे यायलाच हवं, चार वर्षं सरकारला फसवलं, ते लपवून न्याय मागायचा कसा? बरंच बोलले. तिने भाकरी उलटली.

"वन्सं, तुमाला ह्यांचं फूल चढवायचं हाय का त्याचं उतरवायचं हाय?"

मी म्हटलं, एकातून दुसरं होतंय त्याला मी काय करू.

"मग मला कशाला इचारता?"

१३ डिसेंबर, मंगळवार

वहिनीने दादाला सांगितलं. कामावरून आला, कोट न काढता माझ्यासमोर उभा राहिला. ओरडला नाही. साक्ष जोडायची नाही. अर्जात लिही, डोळा काश्मिरात गेला, मी तो लपवला, तक्ता मी पाठ केला. मी एकट्यानं.

मी म्हटलं, एकट्यानं हे खोटं आहे दादा. आणि साक्षीशिवाय तुझं कुणी मानणार नाही.

"न मानंनात. चार वर्सं माझ्या म्होरं अक्षरं वाचून आला त्यो. त्याला म्होरं ढकलू व्हय आता?"

मग शिवरामचा कागद चुलीत घाल म्हणाला. मी आत गेले. चुलीत कागद घातला, पेटेपर्यंत बघत राहिले. तो दारातून बघत होता.

घातलं ते माझं भाषांतर. फूस लावल्याचं पान जळालं, बरं झालं. शिवरामची दोन पानं माझ्या पिशवीत आहेत, इतिहासाच्या पुस्तकात.

दादा म्हणाला, शाणी माझी बाय.

२४ डिसेंबर, शनिवार

अर्ज पुन्हा सगळा लिहिला. 'निष्कलंक' काढलं. 'मी एकट्याने' घातलं, माझ्या अक्षरात. दादाने सही केली, कागद उजव्या डोळ्याजवळ नेऊन.

पुण्याला बोर्डातून पुढे रवाना. कारकुनाने वाचून मान हलवली. प्रामाणिक आहे हो, पण याने उलट नुकसानच. साक्ष असती तर निराळं. मी विचारलं, मागाहून आली तर? मुदतीच्या आत रजिस्टरने पाठवा, जोडून घेतात. दोन दिवस लागतात पोचायला.

हे दादाला सांगितलेलं नाही.

२६ डिसेंबर, सोमवार

कौसा गेली. दीर पोचवायला बरोबर. अर्धी आळी चिंचवड स्टेशनवर. आईने ओटी भरली. ट्रंक दादाने खांद्यावर घेतली, हमाल करू दिला नाही, जमादाराची बायको आहे म्हणाला, आणि सगळे हसले. त्याच्या हसण्यात काही नव्हतं. मी नीट पाहिलं. खरंच काही नव्हतं.

हे मला जमणार नाही. कधीच जमणार नाही.

कौसाने खिडकीतून माझा हात धरला. सकाळी कागदावर सही करून आणली होती, दाखवली. एस सुलटा आलाय. मी छान म्हटलं. तिच्या बांगड्या नव्या. त्याही पाहिल्या. मला पत्र टाक गं, म्हणाली, मला लागलं न्हाई तर हे वाचून दावतील. माझी पिशवी खांद्याला, शिवरामची दोन पानं अजून आत, तिच्या हातापासून वीतभर.

गाडी हलली. तिचा डबा केव्हाच पुढे गेला होता, दादा मागच्या एका डब्याकडे बघून हात हलवत राहिला. आतली कुणी अनोळखी बाई गोंधळून हात हलवत होती. मी त्याला सांगितलं नाही. गाडी पूर्ण जाईपर्यंत तो तसाच उभा होता, ताठ.

येताना पोस्टावरून आलो. नाताळचं बंद. उद्या उघडेल. आज सव्वीस. दोन दिवस पोचायला धरले तरी परवापर्यंत वेळ आहे.