टॉवेलाखालची बहीण

बान्सीन, मंगळवार

प्रिय गेर्लिंडे हिला थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? लेप लावतेस का? लावत नसशील. माझी प्रकृती उत्तम आहे, समुद्र जागच्या जागी आहे आणि तुझ्यावाचून माझे काहीही अडलेले नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे वाचून गैरसमज नको.

किनाऱ्यावर आपली नेहमीचीच टपाची वेताची खुर्ची घेतली. (दोघींची. एकटीसाठी इथे कोणी विणतच नाही, त्याला मी काय करू?) खुर्चीचे तोंड समुद्राकडे असावे की उन्हाकडे, यावरून दोन शिकलेल्या बायकांनी वर्षभर अबोला धरणे शोभत नाही; पण मी समुद्राकडे म्हणत होते आणि माझेच बरोबर होते. ऊन काय, घरीही पडते.

तुझ्या बाजूला मी तुझा निळ्या पट्ट्यांचा टॉवेल पसरला. टॉवेल असलेल्या जागेला हात लावायचा नसतो, हे आपल्याकडे रांगत्या मुलालाही कळते. पण शेजारच्या खुर्चीतले पागेल (निवृत्त स्टेशनमास्तर, खुर्चीभोवती गुडघाभर वाळूचा कोट, त्यावर शिंपल्यांनी स्वतःच्या गावाचे नाव) सकाळपासून त्या जागेवर डोळा ठेवून होते. त्यांच्या मेव्हण्याला जागा हवी होती.

"बाई, ही जागा कुणाची?"

"बहिणीची."

"मग बहीण कुठंय?"

"पोहायला गेलीय," असे म्हणून मी पुस्तकात डोके घातले. जन्मभर मुलींना भूमिती शिकवली, एकीला खोटे बोलू दिले नाही; पण मेव्हणा फार रुंद होता.

जेवणाच्या वेळी पागेलांनी पुन्हा विचारले, "अजून पोहतायत?" मी म्हटले, तिला दम आहे. (आहेच. वर्षभर बोलायचे नाही म्हणजे दम लागतो.) मी हेरिंग मासळीचा पाव खात होते, तेवढ्यात पागेलबाई जीवरक्षक मुलीकडे धावल्या. शिट्ट्या झाल्या, होडी सुटली, लोकांनी हातात हात धरून उथळ पाण्यात साखळी केली. सर्वांत पुढे पागेल, स्वतःचाच वाळूचा कोट तुडवून, पँटसकट पाण्यात! ते पाहून मी पाव खाली ठेवला.

जीवरक्षक मुलगी धापा टाकत आली. "आजी, बहीण शेवटची कुठं दिसली?"

"माग्डेबुर्गला," मी म्हणाले. "आत्ता घरच्या बाल्कनीत असेल. उन्हाकडे तोंड करून."

 मग कमरेपर्यंत भिजलेले पागेल म्हणाले, "पोहत माग्डेबुर्गला? मग दम आहे खरा!" सगळे हसले. मी हसले नाही. (फारसे.)

त्या मुलीचा निकाल असा: शनिवारपर्यंत बहीण दाखवा, नाहीतर टॉवेल उचला. म्हणजे रविवारपासून मेव्हणा. तो धुरावलेली बाम मासळी खातो आणि खाताना गुणगुणतो.

तू यावेस असे मी म्हणत नाही. प्रकृतीला जप.

तुझी बहीण,
इर्मट्राउट

ता. क. पागेल शनिवारी दुपारच्या गाडीला स्टेशनवर येणार आहेत. तू जिवंत असल्याची त्यांना स्वतः खात्री करायची आहे. त्यांची पँट फुकट भिजली असे व्हायला नको.

आणखी एक. खुर्ची मी उन्हाकडे वळवली आहे. समुद्र अजिबात दिसत नाही, समोर पागेल दिसतात. लवकर ये.