पोळ्याच्या दिवशी नाल्यात बसलेली मोटार

बाबा, काल पुन्हा एकाने तुमची तारीफ केली आणि माझं डोकं फिरलं. वाशीमचं माझं मोटार दुरुस्तीचं दुकान तुम्ही पाहिलंय, ऑइलच्या डब्यावर बसून चहा पिऊन गेला होता. आता शेड मोठं झालं, हाताखाली माणसं आहेत, दारात ट्रक उभे असतात. काल आपल्या गावचा एक जण ट्रॅक्टर घेऊन आला होता. दारातल्या ट्रकांच्या ड्रायव्हरांचा वाद चालला होता, की रस्त्यात अनोळखी माणसाची गाडी बंद पडलेली दिसली तर थांबावं की नाही. एक जण म्हणे, "थांबूच नाही, काका. बाई उभी करतेत अन् झुडपातून चार जण निघतेत." मी म्हटलं, "थांबाचं. वीस हात पुढं जाऊन थांबाचं, इंजिन चालू ठेवाचं, आरशात पाहाचं अन् मंग उतराचं. देवानं अक्कल कायले देली?" सगळे हसले. तेवढ्यात हा गाववाला म्हणाला, "याचा बाप तं असा खमक्या होता, मोटारवाला पाया पडला तरी पोळ्याच्या दिवशी त्यानं बैलाच्या खांद्यावर जू ठेवलं नाही." मी हातातला पाना बाकावर आपटला. त्याला वाटलं, मला बापाची आठवण आली. आलीच होती.

दरवर्षी पोळा जवळ आला की ही गोष्ट गावात निघते, आणि दरवर्षी तुम्ही थोडे अधिक मोठे होत जाता. पाया कोणी पडलं नव्हतं. ते मागाहून कोणीतरी चिकटवलं.

मला राग येतो तो यासाठी, की एरवी तुम्ही असे नव्हता. पन्नास-पंचावन्न सालचे ते दिवस. मानोऱ्याच्या रस्त्यावर मोटार दिसणं हीच नवलाई, आणि दिसली की बहुतेक आपल्या नाल्यात बसलेली दिसायची. काळी माती चाक धरायची ती सोडायची नाही. तुम्ही हातातली भाकर ताटात ठेवून जोडी घेऊन निघायचा. कोण, कुठला, कोणत्या जातीचा, काही विचारायचा नाहीत. मोटार निघाली की कासरा गुंडाळायचा आणि उरलेली भाकर खायला घरी यायचा. मोटारीतल्या माणसाने आभार मानले तर तुम्हाला उलट ओशाळल्यासारखं व्हायचं.

आणि मग तो दिवस. आदल्या संध्याकाळी आपण बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकले आहेत, उद्या जेवायला या म्हणून त्यांना आवतण दिलं आहे. शिंगांना बेगड लागली आहे, पाठीवर झुली आहेत, दुपार कलली आहे. अंगणात वीसेक माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर धुतलेल्या टोप्या. गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक ड्रायव्हर आत येतो. त्याच्या मागे चष्मा लावलेले एक साहेब, जोडे हातात धरून.

"पाटील, मोटर फस गई नाले में. एक जोडी द्या."

"आज पोळा हाये," तुम्ही म्हणता. "आज जू नाही."

"आम्हाला वाशीमला लवकर पोचायचं आहे हो," साहेब म्हणतात.

"कोन कोन हाये मोटारीत?"

साहेब त्या टोप्यांकडे पाहतात. "घरची माणसं."

"मंग घरच्या मानसांले घरी आना. पुरनपोळी खा, झोपा. उद्या दिस निंगला की एक काय, चार जोड्या लावतो."

"साहेब, तुमच्या मोटारीलेबी आज पोळा करू द्या," मागून कोणीतरी म्हणतं, आणि अख्खं अंगण हसतं. तुम्हीही हसता. ते हसणं मला आजही ऐकू येतं. साहेब म्हणजे शहरातला माणूस, आपल्या बायकोचं बाळंतपण अडलंय हे वीस परक्या पुरुषांपुढे त्याच्या तोंडून निघेना. वळला आणि चालू लागला. तुम्ही आईला ताट वाढायला सांगितलंत आणि ते माझ्या हाती नाल्यावर पाठवलंत. पाहुण्याला उपाशी ठेवलं नाही, एवढ्यात तुमचं समाधान झालं.

दुसऱ्या दिवशी दिस उगवायच्या आत तुम्ही खरोखर चार जोड्या घेऊन गेलात. विडा लावून होईस्तोवर मोटार वर आली. जवळ एकटा ड्रायव्हर होता. पलीकडच्या तांड्यातल्या माणसांनी संध्याकाळीच बाईला खाटेवर घालून मंगरूळच्या वाटेने नेलं होतं; त्यांतला एक जण रात्रीच निरोप घेऊन परतला होता. "बाई रस्त्यातच गेली," तो म्हणाला. "लेकरूबी."

पोळा तांड्यातही होता, बाबा. त्यांनीही बैलाला जू लावलं नाही. त्यांनी खाट स्वतःच्या खांद्यावर घेतली. बैलाच्या खांद्याला त्या दिवशी सुट्टी होती, कबूल. तुमच्या खांद्याला कोणी दिली होती? वीस माणसं होती अंगणात. तुम्ही नुसते उठला असता तर सगळी मागे आली असती, दोर लावून मोटार ओढली असती आणि वेशीवरचं पोळ्याचं तोरण तुटायच्या आत परत आली असती. रीतही राहिली असती आणि ती बाईही. हे माझ्यासारख्या पोराला कळलं, तुम्हाला काहून कळलं नाही?

तुम्ही त्या ड्रायव्हरसमोर डोक्यावरची टोपी काढलीत आणि म्हणालात, "मले कोनी सांगतलं असतं तं." पुढे मरेपर्यंत तुम्ही तेवढंच म्हणत राहिलात. शेवटच्या दुखण्यातसुद्धा. मी पाय चेपत बसायचो आणि दात आवळायचो. सांगायला कशाला पाहिजे होतं? अडलेला माणूस दारात आला, एवढं पुरेसं नव्हतं? त्याने आधी आपलं मरण उघडं करून दाखवायचं आणि मग तुम्ही उठायचं?

त्याच साली मी गाव सोडलं. तुम्हाला वाटलं, पोराला शेतीचा कंटाळा आला. मीही वाटू दिलं.

इतकं रागाने लिहिलं, पण हा कागद टाकायला पेटी कुठली आणणार? तेव्हा उरलेलंही लिहून टाकतो. ताट घेऊन गेलो तेव्हा मोटारीच्या दाराला लुगडं आडवं बांधलेलं होतं आणि आत बाई कण्हत होती. थोरल्या बहिणीचं बाळंतपण मी भिंतीआडून ऐकलेलं, मला समजायला वेळ लागला नाही. साहेब जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुझ्या वडिलांना तेवढं सांग." मी हो म्हणालो. परत आलो तर त्या वर्षी मानाची म्हणून तोरणाखाली सगळ्यांच्या पुढे आपली जोडी उभी, आणि तुम्ही गावासमोर कासरा माझ्या हातात दिलात. देता देता विचारलंत, "कशी हायेत रे ते मानसं?"

"मजेत हायेत," मी म्हणालो. "जेवून राह्यले."